यू०१०० आला म्हणून लगेच ईसीएम बदलू नका

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. गाडी चालता चालता बंद पडते, मीटरवर सगळे दिवे एकदम पेटतात, परत चावी मारली की काही झालंच नाही असं चालू, आणि स्कॅनरवर यू०१०० कोड, तर समजून जा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला. वर पुरावे पण दिलेत, ६० ओहम येतंय म्हणजे वायरिंग ओके, बॅटरी १२ व्होल्टच्या वर म्हणजे सप्लाय ओके. हे वाचून लोक खरंच ईसीएम बदलतायत, म्हणून एकेक बघू.

"यू०१०० म्हणजे ईसीएम मेला." नाही हो. हा कोड एवढंच सांगतो की गाडीतल्या दुसऱ्या कुठल्या तरी मॉड्यूलला (छोट्या कॉम्प्युटरला) इंजिनच्या मॉड्यूलचा, म्हणजे ईसीएमचा, मेसेज मिळाला नाही, आणि तो कोड तक्रार करणाऱ्याच्या मेमरीत बसतो. म्हणून आधी सगळी मॉड्यूल स्कॅन करा. एकटा एबीएसच (ब्रेकचं मॉड्यूल) ओरडतोय आणि बाकीच्यांना इंजिन नीट ऐकू येतंय, तर ईसीएम जिवंत आहे, एबीएसकडे जाणारी वायर, त्याचा कपलर (कनेक्टर), त्याची अर्थिंग बघा. सगळेच ओरडतायत तर मग इंजिनच्या बाजूला या, पण तिथेही आधी फ्यूज, मेन रिले, अर्थ. शिवाय मॉड्यूल ज्या दोन वायरींच्या लाइनवर एकमेकांशी बोलतात त्या, १९८६ ला बॉशने मांडलेल्या कॅनमध्ये सोयच अशी आहे की मॉड्यूलचा एरर काउंटर २५५ च्या वर गेला की ते स्वतःहून लाइनवरून बाजूला होतं, मग परत येतं. म्हणजे वायरमध्ये गडबड असली तरी चांगलं मॉड्यूल थोडा वेळ मेल्यासारखं दिसतं.

"६० ओहम म्हणजे वायरिंग ओके." सगळ्यात जास्त फसवणारं वाक्य हेच. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात म्हणून ओबीडीच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ६० दिसतं, तेही बॅटरी काढून मोजलं तर. पण मधल्या एखाद्या मॉड्यूलकडे जाणारा फाटा पूर्ण तुटला तरी टोकं जागेवरच ना, रीडिंग ६०च येणार! आणि फॉल्ट येतो गाडी तापल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर, पावसात कपलरमध्ये पाणी गेल्यावर, मोजतोय आपण थंड उभ्या गाडीत. मीटर लावून ठेवा, दुसऱ्याला हार्नेस (वायरींचा जुडगा) हळूहळू हलवायला सांगा, कपलर एकेक दाबा. क्षणभर जरी १२० झालं तर मेन लाइन तिथेच कुठेतरी तुटतेय, शून्याकडे गेलं तर दोन वायरी एकमेकींना लागतायत. उंदरांनी कुरतडलेली जागा आणि स्टिरिओवाल्याने मारलेला जोड आधी बघा.

"बॅटरी १२ च्या वर, सप्लाय ठीक." बॅटरीवर ठीक असेल, मॉड्यूलच्या पिनवर किती पोचतं ते कोण बघणार? एकच तार शिल्लक असलेली अर्थ वायर ओहममध्ये चांगली दिसते पण लोड आला की हात टेकते. हेडलाइट, ब्लोअर चालू करून मॉड्यूलची अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह असा ड्रॉप (व्होल्टेजची घट) मोजा, ०.१ व्होल्टच्या बराच वर गेला तर अर्थ साफ करा. सेल्फ मारतानाही बघा, तेव्हा व्होल्टेज फार पडलं तर चांगली मॉड्यूलसुद्धा गप्प होतात.

"आमच्या गाडीत ईसीएम बदलला आणि प्रॉब्लेम गेला." गेला असेल, पण बदलताना कपलर काढून परत बसवला जातो, पिना घासल्या जातात, सैल पिन थोडे दिवस पकडते. जुनाच ईसीएम काढून परत लावला असता तरी कदाचित तेच झालं असतं, निदान तेवढं तरी करून बघा, कारण नवीन टाकला की कोडिंग आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी चावीची सिस्टीम) मॅचिंगचा खर्च वेगळा.

राहिलं बॅटरीचं टर्मिनल काढून रिसेट मारणं. त्याने फॉल्ट जात नाही, काही गाड्यांत कोड आणि फ्रीझ फ्रेम (फॉल्ट आला त्या क्षणाची नोंद) मात्र जातात, मग कुठे शोधायचं? आधी सगळ्या मॉड्यूलचे कोड मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ओबीडीत कायम लावलेला ट्रॅकर असेल तर तो काढून गाडी चालवून बघा, आणि मग वायरिंगला हात लावा.