शेठचा वॉटरमार्क

शेठनं आल्या आल्या लॅपटॉप उघडून पुढे केला. विंडोज विकत न घेता वापरलं की उजव्या कोपऱ्यात दिसणारी 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही ओळ गायब.

"दोन मिनिटांत काम फत्ते. तेही फुकटात."

"काय वापरलंस?" वकिलानं विचारलं. (तो वकील नाही. वाद घालतो म्हणून नाव पडलंय.)

"केएमएसपिको. विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करणारं टूल. सगळेच वापरतात."

"आणलंस कुठून?"

"सर्च केल्यावर पहिलंच आलं तिथून."

"तिथंच मेलास."

शेठ भडकला. "अरे, झालंय ना ॲक्टिव्हेट! व्हायरस असता तर झालं असतं का?"

खोटं कशाला बोलू, हा मुद्दा मलाही पटला होता. पण वकिलानं 2021 च्या डिसेंबरातलं प्रकरण काढलं. रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीनं नकली केएमएसपिको इन्स्टॉलर पकडले होते. ते खरा पिकोही टाकायचे, म्हणजे कुणाला संशय नको, आणि मागच्या दारानं क्रिप्टबॉट हा चोरटा मालवेअर आत घ्यायचे. ब्राउझरमधली माहिती आणि क्रिप्टो वॉलेट हा त्याचा माल.

"माझ्याकडे कुठलं आलंय क्रिप्टो? आणि पासवर्ड गेला तरी ओटीपी माझ्याच फोनवर येतो."

"कुकी गेली तर ओटीपी विचारतो कोण? तू लॉगिन केलंयस याची ती चिठ्ठी. चोर ती स्वतःच्या ब्राउझरमध्ये लावतो, साइटला वाटतं तूच आलास. मेलमधून शेवटचं लॉगआउट कधी केलं होतंस?"

शेठ आठवायला लागला. आम्हीही.

मुळात केएमएस ही विंडोज ॲक्टिव्हेट करायची मायक्रोसॉफ्टचीच सोय, मोठ्या कंपन्यांसाठी. ऑफिसात एक सर्व्हर, किमान 25 संगणक. प्रत्येक संगणक दर 7 दिवसांनी त्याच्याकडे हजेरी लावतो. 180 दिवस गाठ पडली नाही तर ॲक्टिव्हेशन संपतं. पिको तुमच्याच संगणकात खोटा सर्व्हर उभा करतो. म्हणजे हा पाहुणा काम करून निघून जात नाही, मुक्काम ठोकतो. तोही ॲडमिनचे हक्क घेऊन.

"त्यापेक्षा मॅस वापरायचं, ॲक्टिव्हेट करणारी दुसरी स्क्रिप्ट," प्रोफेसर म्हणाला. "कोड उघडा आहे, कुणीही वाचावा."

"तू वाचलास?"

"लोकांनी वाचलाय."

"कोड चांगला असेलही. पण 2025 च्या डिसेंबरात त्याच्या वेब पत्त्यातलं एकच अक्षर गाळून कुणीतरी नकली पत्ता मांडून बसलं होतं. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांडच्या खिडकीत, तो टाइप करताना 'डी' राहिला की मालवेअर आत."

"मी कॉपी-पेस्ट करतो."

तेवढा मुद्दा वकिलानं सोडून दिला.

"मग काय, विकत घेऊ?" शेठ.

"नाहीतर तसंच ठेवायचं होतं. विंडोज चालत होतंच की. वॉलपेपर, रंग सेटिंगमधून बदलता येत नाहीत आणि ती ओळ दिसते. सुरक्षेची अपडेट येतातच."

"डोळ्यांत खुपते रे ती ओळ."

"बरं, पिको टाकताना डिफेंडर, विंडोजचा अँटीव्हायरस, बंद केला होतास?"

"त्याशिवाय चालतच नाही. सूचनेतच लिहिलंय. नंतर चालू केला की मी! हे बघ."

खरंच, हिरवी खूण होती. शेठनं विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. वकिलानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, खाली जाऊन एक्स्क्लुजनची यादी उघडली. डिफेंडरनं कुठं बघायचं नाही, त्याची यादी. एकच नोंद होती: अख्खा सी ड्राइव्ह.

"हे मी नाही टाकलेलं," शेठ म्हणाला.