एकच कायदा, मापं मात्र वेगवेगळी

२ नोव्हेंबर १९८८. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिसनं इंटरनेटवर एक वर्म, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम, सोडला. इंटरनेट केवढं पसरलंय ते मोजायचं होतं, असं त्याचं म्हणणं. हिशेब चुकला, वर्म एकाच मशीनवर पुन्हा पुन्हा चढत गेला आणि हजारो कॉम्प्युटर ठप्प झाले. माग लागू नये म्हणून त्यानं तो सोडला होता एमआयटी या दुसऱ्याच अमेरिकन विद्यापीठातून, म्हणजे पोरगा अगदीच भाबडा नव्हता! परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये घुसण्याविरुद्धच्या अमेरिकेच्या १९८६च्या कायद्याखाली तो दोषी ठरला. शिक्षा? तीन वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर), ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. पुढे त्याच एमआयटीत तो प्राध्यापक झाला.

मला ही शिक्षा योग्य वाटते. चूक पदरात घातली, माणूस मोडला नाही.

आता ॲरन स्वार्ट्झ हा तरुण प्रोग्रामर. एमआयटीच्या नेटवर्कवरून त्यानं जेस्टोर या ऑनलाइन संग्रहातले लाखो शोधनिबंध उतरवून घेतले. जेस्टोरनं आपल्यापुरतं प्रकरण मिटवलं, पण सरकारी वकिलांनी चार आरोपांचे तेरा केले, त्यातले बहुतेक याच कायद्याखालचे. खटला सुरू व्हायच्या आधीच, जानेवारी २०१३मध्ये, २६ वर्षांच्या ॲरननं आयुष्य संपवलं. निबंध उतरवून घेणाऱ्यावर एवढा बडगा कशासाठी, हे मला आजही कळत नाही.

हॉस्पिटलचे कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांबद्दल मला तिळमात्र दया नाही. त्यांना खुशाल आत टाका. पण सिस्टीममधलं भगदाड शोधून मालकाला गुपचूप कळवणाराही याच कायद्याला घाबरून असायचा. अशांवर खटले भरू नयेत, असं अमेरिकेच्या न्याय खात्यानं २०२२मध्ये ठरवलं. तेही निव्वळ धोरण. बदलायला कितीसा वेळ लागतो?

आणि कुलूप न लावणाऱ्याचं काय? लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी अमेरिकन कंपनी इक्विफॅक्स. तिच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकाचा पॅच, म्हणजे ते बुजवणारी दुरुस्ती, मार्च २०१७मध्येच आला होता. कंपनीनं तो सगळीकडे बसवलाच नाही. मे महिन्यापासून हॅकर आत वावरत होते. साधारण १४.७ कोटी लोकांची माहिती गेली, त्यात सोशल सिक्युरिटी नंबरही, म्हणजे अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक. पासवर्ड बदलता येतो हो, जन्मतारीख कुठून बदलणार? कंपनीनं पैसे मोजून तडजोड केली. तिथला एक बडा अधिकारी चार महिने तुरुंगात गेला खरा, पण तो पॅच राहिला म्हणून नव्हे. चोरीची बातमी फुटायच्या आत त्यानं आपले शेअर विकून टाकले होते.