झिरो बघा, साहेब

मुलुंडच्या आमच्या नेहमीच्या पेट्रोल पंपावर माझं नाव ‘पाच लिटर’ आहे. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण गाडी आत वळली की एक पोरगा दुसऱ्याला ओरडून सांगतो, ‘‘ए, पाच लिटर आले!’’ आणि मी पाच लिटर कधीच भरत नाही, टाकी फुल करतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

हे नाव २०१७ सालचं. त्या जूनमध्ये ठाण्याच्या गुन्हे शाखेने पंपांवर धाडी घातल्या होत्या. मशीनच्या पोटात चिप बसवायची, आकडा बरोबर दाखवायचा आणि पेट्रोल मात्र थोडं थोडं कमी सोडायचं, असा तो प्रकार होता. मुलुंड म्हणजे ठाण्याचा उंबरठाच. पेपर वाचला, चहा अर्धा टाकला आणि पंपावर जाऊन मी माप मागितलं. पंपावर सरकारी शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पंपावरच्या पोराला ठाऊक नव्हतं. त्याने सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने किल्ली शोधली. मागे सात स्कूटर आणि एक टेम्पो हॉर्न वाजवत होते. शेवटी माप आलं, पेट्रोल सोडलं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं, म्हणजे औषधाचे पाच चमचे. मी पापणी न लववता मापाच्या गळ्यापाशी वाकून बघत राहिलो. पेट्रोल रेघेवर येऊन थांबलं. तंतोतंत.

‘‘झालं समाधान?’’ मॅनेजरने विचारलं.

खरं सांगायचं तर झालं नव्हतं. लबाडी पकडायला गेलेल्या माणसाला प्रामाणिकपणा सापडला की फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. मागचा टेम्पोवाला काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून मी गाडीतून उतरतो, मशीनसमोर उभा राहतो आणि पंपावरच्या पोराने ‘‘झिरो बघा, साहेब’’ असं म्हणायच्या आत मी तो बघितलेला असतो. मुंबईच्या पंपावर गिऱ्हाइकाशी बोललं जाणारं हे एकच पूर्ण वाक्य. बाकी सगळं ‘कॅश का कार्ड’ आणि ‘गाडी पुढे घ्या’.

तर असा तयारीचा माणूस घरात असताना मुलाने मेक्सिकोचा बेत ठरवला. तो असतो ह्यूस्टनला. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, तिथून कानकूनला विमानाने दोन-अडीच तास, पुढे भाड्याची गाडी घेऊन युकातान द्वीपकल्पात हिंडायचं. ही बातमी मुलुंडला सोसायटीच्या गेटवर पोचली, आणि तिथे संध्याकाळी सहा ते आठ बसणाऱ्या मंडळाने फोनवरून मार्गदर्शन सुरू केलं. यातले एकजण आयुष्यात वापीच्या पुढे गेलेले नाहीत. त्यांनी सांगितलं, पेट्रोल सकाळी भरा, थंड असतं, जास्त मिळतं. (टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपार सारखीच. पण गेटवर हे बोलून दाखवणाऱ्याला पुन्हा बाकावर जागा मिळत नाही.) दुसऱ्यांनी सांगितलं, शंभरचं मागू नका, एकशे दहाचं मागा, मशीन गोंधळतं. मशीन का गोंधळेल हे त्यांनी सांगितलं नाही.

सुनेची माहिती जास्त कामाची निघाली. मेक्सिकोत बहुतेक ठिकाणी पेट्रोल आपण भरायचं नसतं, आपल्याकडच्यासारखीच माणसं असतात भरायला, आणि त्यांना पाच-दहा पेसो बक्षिसी देतात. फसवायचे प्रकारही ओळखीचेच: आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा शून्यावर न आणता तिथूनच पुढे भरायला सुरुवात करायची, एकाने काच पुसत बोलण्यात गुंतवायचं, किंवा पाचशेची नोट घेऊन पटकन विसाची दाखवायची आणि ‘‘तुम्ही हीच दिली’’ म्हणायचं. या शेवटच्या प्रकाराला तिथल्या नोटांचीच मदत होते. २०१८ साली आलेल्या पाचशेच्या नोटेवर बेनितो हुआरेस आहेत, आणि जुन्या विसाच्या नोटेवरही तेच. एकोणिसाव्या शतकातले त्यांचे थोर राष्ट्राध्यक्ष. दोन्ही नोटा निळ्या. मला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटलं.

‘‘बाबा, तुम्ही फक्त झिरो बघा. बाकी काही करू नका,’’ मुलगा म्हणाला. मी हे खातं स्वीकारलं. बायकोकडे हिशेब गेला. ती एकोणतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर होती. अजूनही भाजीवाल्याने परत दिलेल्या नोटा ती एका विशिष्ट पद्धतीने अंगठा मारून मोजते, आणि मोजून झाल्यावर शिक्का शोधते.

कानकूनला मिळालेली गाडी बघून मी दोन मिनिटं बोललोच नाही. फोक्सवॅगन व्हर्टस. ही गाडी पुण्याजवळ चाकणला बनते आणि तिथून मेक्सिकोला जाते. म्हणजे आम्ही पृथ्वीला अर्धा वळसा घातला आणि शेवटी चाकणचीच गाडी भाड्याने घेतली. स्टिअरिंग तेवढं डावीकडे. मी बॉनेटवर हात फिरवून ‘‘काय गं, कशी आहेस?’’ असं विचारलं. भाडं घेणाऱ्या मुलीला वाटलं मी ओरखडे तपासतोय, तिने तत्परतेने फॉर्म पुढे केला.

रस्ते चांगले. जागोजागी पिवळ्या पाट्यांवर रोमन अक्षरांत चारच अक्षरं, टी ओ पी ई. मी वाचलं ‘टोपे’. पहिल्या तीन पाट्यांपर्यंत माझी समजूत अशी की टोपे नावाचे कुणी नगरसेवक असावेत आणि गावकऱ्यांना कसल्या तरी हार्दिक शुभेच्छा देत असावेत. चौथ्या पाटीनंतर गाडी हातभर उडाली आणि बायकोच्या मांडीवरचा चिवडा मागच्या काचेपर्यंत गेला. तोपे म्हणजे गतिरोधक. ही एक गोष्ट सोडली तर तो देश मला परका वाटलाच नाही. किंवा ही एक गोष्ट धरून.

पहिल्या पंपावर सगळं सरळ झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या पंपावर काटा पाव टाकीवर होता. मी नेहमीप्रमाणे उतरलो. दोन पोरं आली. एकाने नळी उचलली, दुसरा पाण्याची बादली घेऊन काच पुसायला माझ्या आणि मशीनच्या बरोब्बर मध्ये आला. ‘‘इंदिया?’’ त्याने विचारलं. मी हो म्हणालो. ‘‘योगा!’’ तो म्हणाला, आणि बादली खाली ठेवून एका पायावर उभा राहिला. आता यावर माणसाने काय करायचं? मी त्याचा पाय नीट करायला गेलो. वृक्षासनात तळवा मांडीला टेकवायचा असतो, गुडघ्याला नाही. हे समजावून मी मागे वळलो तेव्हा मशीन भराभर पुढे पळत होतं.

बिल ९८४ पेसो. चोवीसच्या भावाने ४१ लिटर.

मुलगा कार्ड काढत होता. मागच्या सीटवरून बायकोचा आवाज आला, ‘‘थांब. टाकी किती लिटरची?’’

‘‘पंचेचाळीस.’’

‘‘पाव टाकी होती. म्हणजे अकरा होतं. पंचेचाळीसातून अकरा गेले चौतीस. एक्केचाळीस बसलं कुठे?’’

मी हळूच मशीनच्या मागे सरकलो. ‘‘अहो, झिरो बघितलात ना?’’

‘‘मी त्याचं आसन बघत होतो.’’

बायको गाडीतून उतरली. तिला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. तिने पर्समधून पेन काढलं, पावतीच्या मागे ४५ लिहिले, खाली ११ लिहिले, रेघ मारली, ३४ लिहून त्याभोवती गोल केला आणि ती पावती नळीवाल्या पोरासमोर धरून उभी राहिली. काही बोलली नाही. काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं असताना चुकीची स्लिप घेऊन आलेल्या माणसाकडे ती असंच बघायची. तिच्यासमोर भले भले व्यापारी स्लिप फाडून नवीन भरायचे. पोराने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा गोलाकडे पाहिलं, आणि खिशातून दोनशेची नोट काढून दिली. म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचे दोनशे आमच्या माथी मारले होते. योगवाला तोपर्यंत दुसऱ्या गाडीची काच पुसायला गेला होता. दोन्ही पायांवर.

मेक्सिकोत अशा पंपांची तपासणी करणारी प्रोफेको नावाची सरकारी ग्राहक संस्था आहे आणि तिच्याकडे तक्रार करता येते. मी तसं सुचवलं. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, गाडीत बसा.’’

दुसऱ्या दिवशी चिचेन इत्सा या माया लोकांच्या प्राचीन नगरीत गेलो. वाटेत राज्य बदललं आणि घड्याळ एक तास मागे गेलं, त्या तासाचा हिशेब बायकोने दोनदा विचारला. मधोमध कुकुलकानचा पिरॅमिड, चारही बाजूंनी एक्याण्णव पायऱ्या, वरची एक धरून तीनशे पासष्ट. वर चढू देत नाहीत, हे ऐकून माझ्या गुडघ्यांनी मनोमन माया संस्कृतीला नमस्कार केला. गाइड इंग्रजीतून सांगत होता: माया लोक विसाच्या पटीत मोजायचे, ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शिंपल्याचं चित्र म्हणजे शून्य. शून्य आम्ही शोधलं, असं तो छाती पुढे काढून म्हणाला.

इथे मात्र मी गप्प बसणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, शून्य आमचं. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची त्याचे नियम लिहून ठेवलेत. तो म्हणाला, आमचं स्वतंत्र. मी म्हणालो, असेल. पण मनात आलं, काय योगायोग आहे बघा. जगात शून्य नीट हाताळणारे लोक मोजके, त्यातले दोन हे, आणि त्या दोघांच्याच वंशजांना पेट्रोल भरताना ‘झिरो बघा’ म्हणून सांगावं लागतं. बाकी ते विसाच्या पटीचं मला पटलंच. माझी कोकणातली आजी स्वतःचं वय ‘चार विसा आणि तीन’ असंच सांगायची.

परतताना संध्याकाळी तिसऱ्यांदा पेट्रोल भरलं. या वेळी मी तयारीत होतो. लांबचं दिसायचा चष्मा लावला, काच पुसायला आलेल्याला हातानेच नको म्हटलं आणि मशीनसमोर फुटावर उभा राहिलो. एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी नळी उचलली, मशीनवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘सेरोस, सेन्योर.’’

झिरो बघा, साहेब!

अंगावर काटा आला. तोच शब्द, तोच सूर, आणि पाठीला तोच थोडासा बाक. मुलुंडचाच कुणी थोरला भाऊ उभा असावा असं वाटलं. पेट्रोल बरोबर भरलं, बिल टाकीला धरून आलं, मुलाने कार्डाने पैसे दिले. मी म्हटलं, बक्षिसी मी देणार. सुनेने दहा पेसो सांगितले होते, पण अशा माणसाला वीस द्यायला हवेत. खिशातून हुआरेससाहेब काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले.

ते गृहस्थ नोटेकडे बघत राहिले. मग माझा हात दोन्ही हातांत घेतला. देवाचं नाव घेऊन काहीतरी बरंच बोलले. आमची गाडी हायवेला लागेपर्यंत हात हलवत उभे होते. ‘‘बघा,’’ मी गाडीत सगळ्यांना सांगितलं, ‘‘वीस पेसो! नव्वद-शंभर रुपये! माणूस किती समाधानी असू शकतो.’’ मग वाटेवरचं वायादोलिद गाव येईपर्यंत मी समाधान या विषयावर बोललो. मध्ये दोन तोपे आले, तेवढाच खंड.

रात्री हॉटेलवर बायकोने वही काढली. ‘‘तुमच्याकडे सकाळी पाचशेची एक आणि विसाच्या दोन दिल्या होत्या. दाखवा.’’

मी खिसा रिकामा केला. दोन निळ्या नोटा. तिने उचलल्या, उलटल्या, पुन्हा उलटल्या.

‘‘देवमासा कुठाय?’’

‘‘कसला देवमासा?’’

‘‘पाचशेच्या मागे देवमासा असतो. या दोन्हींच्या मागे देवळं आहेत.’’

मी लांबचा चष्मा काढून जवळचा लावला. देवळंच होती. मशीनवरचा झिरो दिसावा म्हणून मी लांबचा चष्मा लावून बसलो होतो, त्यामुळे हातातली नोट म्हणजे निळसर धुकं आणि त्यात एक गंभीर चेहरा, एवढंच दिसलं होतं. पाचशे पेसो. दोन हजारांच्या वर रुपये.

‘‘आकारातसुद्धा फरक असतो हो. लांब असते ती,’’ बायको म्हणाली. ‘‘आणि वर दोन झिरो असतात.’’

दुसऱ्या पंपावर दोनशे वाचवले आणि तिसऱ्यावर ४८० दान केले, म्हणजे निव्वळ २८० गेले, असं मी मांडून दाखवलं. तिने ते वहीत लिहून घेतलं नाही. मुलगा म्हणाला, सकाळी परत जाऊन सांगू या का? मी नाही म्हणालो. त्या माणसाने जो आशीर्वाद दिला होता तो परत कसा मागणार? आणि तो स्पॅनिशमध्ये होता, चुकून दुसरंच काही परत मिळायचं.

आता आमच्या घरात ‘देवमासा’ हा शब्द रुळलाय. मी साठ रुपयांची कोथिंबीर आणली की देवमासा. ऑनलाइन मागवलेली छत्री उलटी झाली, देवमासा.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी पंपावर गेलो. ‘‘पाच लिटर आले!’’ अशी हाळी ऐकू आली, बरं वाटलं. गाडीतून उतरलो, चष्मा नीट केला, मशीनसमोर उभा राहिलो. नवीन पोरगा होता, मला ओळखत नव्हता. ‘‘झिरो बघा, काका,’’ तो म्हणाला.

तेवढ्यात खिडकीची काच खाली आली आणि बायकोचा हात बाहेर आला.

‘‘ते बघा तुम्ही. पाकीट इकडे द्या.’’