माध्यम दाट म्हणून ध्वनी वेगवान? घनता छेदात असते!

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समधून आणि व्हॉट्सॲपवरून फिरणारा मजकूर असा: ‘ध्वनीचा वेग घनतेवर ठरतो. माध्यम जितकं दाट, तितका वेग जास्त. म्हणून हवेपेक्षा पोलादात जास्त. उंचावर हवा विरळ, म्हणून तिथे कमी. मोठा आवाज आधी पोहोचतो.’

आधी पोलाद. त्यात ध्वनी हवेच्या सुमारे १७ पट वेगाने जातो, हे खरं. कारण मात्र साफ उलटं सांगितलंय. पोलाद हवेच्या साडेसहा हजार पट दाट. नुसती घनताच वाढली असती, तर सेकंदाला ३४३ मीटरचा वेग जेमतेम ४ मीटरवर आला असता. तसं होत नाही, कारण पोलाद दाबायला हवेपेक्षा सुमारे १९ लाख पट अवघड. स्थितिस्थापकतेला (म्हणजे माध्यम दाबायला किती अवघड, त्या मापाला) घनतेने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, की वेग मिळतो. घनता छेदात आहे. नोट्सवाल्यांनी ती अंशात चढवली. (स्थितिस्थापकता किती धरायची, यात न्यूटनही १६८७ मध्ये फसला होता. लहरीत दाबली जाणारी हवा तापते आणि म्हणून दाबायला आणखी अवघड होते, हे त्याने धरलं नाही आणि ध्वनीच्या वेगाचं उत्तर सुमारे १५ टक्के कमी आलं. दुरुस्ती पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने केली.)

तरी पटत नसेल तर शिसं बघा. पोलादापेक्षा दाट, पण ध्वनी सेकंदाला २,२०० मीटरच्या आतच. शिशाच्या पाव घनतेच्या ॲल्युमिनियममध्ये ६,४०० च्या आसपास! पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तरी वेग पाण्यातल्यापेक्षा किंचित कमीच. हेलियम हवेच्या सातव्या हिश्श्याइतका हलका, आणि त्यात वेग जवळपास तिप्पट.

उंचीचं निरीक्षण बरोबर आहे: ११ किलोमीटरवर वेग २९५ मीटरपर्यंत उतरतो. पण विरळपणाला दोष देऊ नका. हवेची स्थितिस्थापकता तिच्या दाबावर ठरते. तापमान तेच असेल तर हवेची घनता आणि दाब एकाच प्रमाणात घटतात, त्यामुळे भागाकार बदलत नाही. वेग उतरतो तो उणे ५६ अंशांच्या थंडीमुळे. पुरावा आणखी वर आहे. ११ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात तापमान साधारण स्थिर असतं. हवा तिथे चौपट विरळ होत जाते, ध्वनीचा वेग मात्र हलत नाही.

राहिला मोठा आवाज. तोही आधी पोहोचत नाही. ढोल-ताशा पथक लांबून ऐका: ढोलाचा ठोका आणि ताशाची तडतड जुळूनच कानावर येतात. अपवाद स्फोटाजवळच्या आघातलहरीचा (एकदम दाबल्या गेलेल्या हवेची, ध्वनीपेक्षा वेगवान लहर), पण तीही पसरता पसरता नेहमीच्या वेगावर येते.