विदर्भात पाहायला काय आहे म्हणता?

सकाळी सकाळी डोकं फिरलं. एका ग्रुपवर ‘महाराष्ट्रातली निवडक निसर्गरम्य ठिकाणं’ अशी भलीमोठी यादी आली. कोकण आहे, महाबळेश्वर आहे, माळशेज आहे, भंडारदरा आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत आपल्यासाठी एकच शब्द, ताडोबा. झाला ११ जिल्ह्यांचा विदर्भ! ताडोबा भारीच आहे, नाही कोण म्हणतं? पण तिथंही लोक मंगळवारी जाऊन धडकतात, गेट बंद पाहतात आणि वनखात्याला शिव्या देत परत येतात. मंगळवारी सफारी नसते, पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतो, हे निघायच्या आधी कोणी विचारतच नाही.

यादी वाचली आणि मे महिन्यात लग्नाला आलेले पुण्याकडचे पाहुणे आठवले. दुपारी दीड वाजता लोणारच्या काठावर गाडी उभी केली. एसी चालूच. उतरले, दोन फोटो काढले आणि म्हणाले, “तळंच आहे की हो!”

काहून भाऊ, तळ्याला शिंगं असतात का?

बेसाल्टच्या खडकावर उल्का आदळून झालेलं विवर आहे ते, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं. वरून ते दिसतं, पण कळत नाही. कळायचं असेल तर खाली उतरावं लागतं, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी साडेसहा-सातला. गावाच्या बाजूला धार आहे, गोमुखातून गोडं पाणी पडतं, तिथून उतरायला लागा. गावातलाच वाटाड्या घ्या. पायवाटा फुटतात, झाडी दाट आहे, आणि हे अभयारण्य आहे, बिबट्याही असतो. काठापासून पाण्यापर्यंत सव्वाशे मीटरच्या वर उतार आहे. उतरताना काही वाटत नाही, दम निघतो तो चढताना, म्हणून माणशी दोन लिटर पाणी लागतंच. चपला नकोत. तळ्याकाठचा चिखल वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की घोट्याच्या वर फसतो, आणि त्याचा वास दिवसभर सोडत नाही. तळ्याचं पाणी चढलेलं नसेल तर कमळजा देवीच्या देवळापर्यंत जा. सोबत हळद लावलेला पांढरा कागद ठेवा, तळ्याच्या पाण्यात बुडवला की लालभडक होतो. पाणी इतकं अल्कधर्मी (अल्कलाइन) आहे. तोच कागद धारेच्या पाण्यात बुडवला तर पिवळाच राहतो. एवढ्याशा अंतरावर दोन तऱ्हेचं पाणी, अजून काय पाहिजे?

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हा अख्ख्या देशाला लोणार आठवलं. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यात रंगीत सूक्ष्मजीव फोफावतात, त्याचा तो रंग. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. बातम्या सरल्या, लोकही विसरले. वर आल्यावर गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ सोडू नका. आत अंधार असतो, छतावरचं कोरीव काम पाहायला चांगली बॅटरी लागते, मोबाइलचा उजेड पुरत नाही.

आमच्या पाहुण्यांनी यातलं काय पाहिलं? पार्किंग.

ऊन आहे, मान्य. रस्ते काही ठिकाणी रडवतात, तेही मान्य. पण मे महिन्यात वऱ्हाडात यायचं आणि मग ‘नुसतं ऊन हो’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

चिखलदऱ्याची गत उलटी. तिथे जाणाऱ्यांना वेळ बरोबर कळते, वार कळत नाही. १५ ऑगस्टच्या सुट्टीत परतवाड्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते, वर पोचावं तर धुक्यात पॉइंटही दिसत नाही आणि समोरच्या गाडीचा नंबरही. मधल्या वारी जा, नाहीतर सरळ ऑक्टोबरात जा. पेट्रोल परतवाड्यातच भरा. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. सारखा ब्रेक दाबून ब्रेक तापतात, वास यायला लागला की थांबा, थंड होऊ द्या. गाविलगडाला अर्धा दिवस द्या. किल्ला प्रचंड आहे, आणि पावसाळ्यानंतर गवत इतकं वाढतं की पायऱ्याच दिसत नाहीत, काठी टेकत चाला. आणि बापहो, वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या दरीत फेकणाऱ्यांना तर मी... जाऊ द्या, इथे घरची माणसंही वाचतात. हे काम पुण्यामुंबईचे करत नाहीत, आपलेच करतात. तेही लिहायलाच पाहिजे.

गर्दी नकोच असेल तर नरनाळा किल्ला. अकोटवरून शहानूरला जायचं, तिथून वर. महाकाली दरवाजावरचं कोरीव काम तासभर पाहत बसावं असं आहे. वर खायला काही मिळत नाही, डबा घरूनच.

खरं सांगू? झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भाचं नाव काढलं की राग उतरतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, त्या काठावर दगडी देवळं. कोरीव काम पाहायचं असेल तर महाशिवरात्रीची जत्रा टाळा, जत्रा पाहायची असेल तर तेव्हाच जा, एका फेरीत दोन्ही होत नाही. गोंदिया-भंडाऱ्याचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे जुने जमीनदार) तलाव, कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, त्यावर आजही धान पिकतो. नवेगावबांध त्यातलाच. हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला सूर्य पाठीशी ठेवून उभं राहायचं आणि लाल-पांढरे कपडे घालायचे नाहीत. गोंदियाकडे सारस दिसला तर बांधावरूनच पाहा, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरू नका. पावसाळ्यात तो धानातच घरटं करतो, आणि फोटोसाठी जवळ गेलं की अंडी टाकून उठतो.

येणार असाल तर कमेंटमध्ये महिना लिहा, त्याप्रमाणे कुठे जायचं ते सांगतो. जेवणाचं मात्र सकाळीच खानावळीत सांगून ठेवा, दुपारी दोननंतर लहान गावात चूल विझलेली असते. आणि भंडाऱ्याच्या पुढे गेल्यावर भाकरीचा हट्ट धरू नका, तिकडे भातच.