भोपळ्याला जागा द्या

कोकणात शरद ऋतू येतो तो अंगावर येतो. आश्विन लागला की कवींना चांदणं सुचतं, आम्हाला घामोळं. पारा ३३-३४ अंशांवर, पान हलत नाही, दुपारभर भात कापायचं आणि संध्याकाळी डोंगरामागे ढग दिसले की कापलेलं झाकायला धावायचं. परतीचा पाऊस परतला असं तो खरोखर जाईपर्यंत तोंडातून काढू नये, तो ऐकत असतो. अशा दिवसांत भाचीने मॅसॅच्युसेट्सहून एक पाककृती पाठवली. तिची सुरुवातच 'हवेत गारवा आला आणि पानं रंग बदलू लागली की' अशी होती.

आमच्या वेंगुर्ल्याकडे ऑक्टोबरात आंबा हिरवा, फणस हिरवा, काजू हिरवा आणि गडग्यावरचं शेवाळंही हिरवंच. पान गळतं ते फक्त माडाचं. ते चांगलं पंधरा फूट लांब असतं आणि खाली कोण उभं आहे हे बघून गळत नाही. पानगळीवर आमच्याकडे फारशा कविता नाहीत, त्याचं कारण हे असावं.

पदार्थ ऐकायला सोपा होता. तिकडे टणक सालीच्या भोपळ्यांचं एक मोठं कूळ आहे. उन्हाळ्यात वेल वाढतात, शरदात फळं उतरवतात आणि ती हिवाळाभर टिकतात, म्हणून सगळ्या कुळाला विंटर स्क्वॉश म्हणतात. त्यातला एक मुठीपेक्षा थोडा मोठा भोपळा घ्यायचा, मधोमध कापायचा, बिया काढायच्या, झालेल्या वाटीत लोणी, ब्राउन शुगर, मेपल सिरप आणि चिमूटभर मीठ घालायचं आणि ४०० अंशांवर तासभर भाजायचा.

"चारशे?" आत्याने विचारलं.

"फॅरनहाइट गो. आपले दोनशे."

"मग दोनशे म्हण. लोकांक कित्याक भियवतंस?"

बायको मुंबईला नातवाच्या तैनातीला गेली होती, त्यामुळे घरात मी आणि आत्या. आत्याने ऐंशी ओलांडल्यावर स्वयंपाक सोडला, देखरेख सोडलेली नाही. पाककृतीची शेवटची ओळ मी तिला वाचून दाखवली : हे टर्कीबरोबर साइड डिश म्हणून वाढावं. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गोड, आणि साइडीक?"

खरी अडचण तिने तिथेच पकडली होती. मला ती कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

मुठीएवढा भोपळा आमच्याकडे नसतो. आमचा तांबडा भोपळा एकदा वाढायला लागला की घरच्या माणसांची संख्या विचारात घेत नाही. परसातल्या वेलावर एक ताजा होता, पण आत्याने त्याला हात लावू दिला नाही. ताजा भोपळा पाणचट लागतो, गणपतीत उतरवून माळ्यावर ठेवलेला काढ म्हणाली. देठासकट ठेवलेला भोपळा महिनोन् महिने टिकतो आणि ठेवल्यावर त्यातल्या पिठूळपणाची हळूहळू साखर होते, हे शास्त्र अमेरिकेतल्या शेतकऱ्यालाही मान्य आहे. फरक इतकाच की त्याला भोपळा काढायला शिडी लावून, वटवाघळांची माफी मागत, मंगलोरी कौलांखाली रांगत जावं लागत नसावं.

आता कापणं. अख्खा भोपळा बाईने आधी चिरायचा नाही, पहिला घाव पुरुषाचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. दसऱ्याचा कोहळा बळीच्या जागी कापतात, तो पुरुषाने कापायचा, आणि कोहळ्याचा कायदा भोपळ्यालाही लागू, असं आत्या सांगते. कायदा केला तेव्हा वाडीत पुरुष होते. आता ते सगळे विरार, डोंबिवली आणि कळव्याला असतात आणि गणपतीला चार दिवस येऊन भजनाला बसतात. उरलेलं वर्षभर वाडीतले सगळे भोपळे माझ्या नावावर. सकाळी दात घासत असतो, गडग्यापलीकडून हाक येते, "काका, वायच येतास काय? भोपळो कापूचो आसा." मी तोंड धुऊन जातो, कोयत्याचा एक घाव घालतो, आणि पुढचं सगळं त्या माउल्या माझ्या दसपट वेगाने चिरून मोकळ्या होतात. उद्घाटनाला मंत्र्याला बोलावतात, तसा मी. निवृत्तीनंतर माणसाला समाजात काही स्थान उरत नाही म्हणतात. माझं आहे, आणि कोयत्याला धार लावायचा खर्च माझा मलाच पडतो.

घरच्या भोपळ्याने मात्र मंत्र्याचा मान ठेवला नाही. कोयता अर्ध्यात रुतला आणि भोपळा कोयत्यासकट पडवीभर फिरला. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणजे काय ते ज्याने ही म्हण वापरली आहे त्याने एकदा मुरलेल्या भोपळ्यावर करून बघावं. शेवटी दगडाने कोयत्याच्या पाठीवर ठोकून दोन भाग केले. त्यातला एकही ओव्हनमध्ये मावणार नव्हता, तेव्हा वाटी वगैरे विसरून सरळ जाड फाका केल्या.

मेपल सिरपची बाटली भाचीने कुणाबरोबर तरी आधीच पाठवलेली होती. फडताळात होती, थोडी कमी झालेली. घावण्यांबरोबर चव बघितली, असं आत्याने सांगितलं, आणि त्यात काही लपवण्यासारखं आहे असं तिच्या आवाजात नव्हतं. मी तिला समजावलं की हा मेपल नावाच्या झाडाचा रस. थंडी ओसरताना खोडाला भोक पाडून खाली भांडं लावतात, रस गोळा करतात आणि आटवतात. सुमारे ४० लिटर रस आटला की १ लिटर सिरप हाती लागतं.

"म्हणजे आमची माडाची सूरच ती," आत्या म्हणाली. मग ४० लिटरांचा हिशेब तिच्या डोक्यात उतरला. "इतक्या लाकडात आमचां वर्षाचां जेवाण झाला असता!" आणि घाटावरून येणाऱ्या काकवीची बाटली तिने माझ्यासमोर आणून ठेवली. मी दोन्ही घातल्या. लोण्याऐवजी तूप, दालचिनीबरोबर परसातलं जायफळ. भाचीने वरून पिकान नावाचे दाणे लिहिले होते. ज्या गावाच्या नावावर वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती आहेत, तिथे राहून दुसरा दाणा घातला असता तर मला बाजारातून मान खाली घालून जावं लागलं असतं.

फाका मांडता मांडता मी आत्याला सांगितलं की हा भोपळा मुळात अमेरिकेचाच. दुधी आपला जुना, पण तांबडा भोपळा कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर इकडे आला. काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. म्हणजे आपण त्यांचा माल त्यांच्याच पद्धतीने भाजतोय. आत्याला हे पटलं नाही, कारण तांबडा भोपळा ऋषिपंचमीच्या भाजीत जातो. जो ऋषींना चालतो तो परका कसा?

"ऋषींच्या काळात नव्हता गो तो."

"मग ऋषींनी कधी तक्रार केल्यानी?"

यावर उत्तर नाही. मी ओव्हन लावला.

ओव्हन मुलाने पाठवला होता आणि तोपर्यंत त्याचा उपयोग पापडांना मुंग्यांपासून वाचवण्यासाठी होत होता. पापड बाहेर काढले. दोनशेवर काटा नेला, आतली नळी लाल झाली, स्वयंपाकघरातली माणसंही झाली. "भोपळो भाजूच्या आदी माणसां भाजतली," म्हणत आत्या पडवीत जाऊन बसली. वीसेक मिनिटांत तुपाचा आणि जायफळाचा असा वास सुटला की मांजर कपाटावरून उतरलं. तेवढ्यात डोंगरामागून ढग आले, एक वीज चमकली आणि लाइट गेली.

लाइट कधी येईल हे विचारायला आमच्याकडे कुणी फोन करत नाही. त्याने उगाच आशा लागते. आत्या पडवीतून उठून मागच्या चुलीकडे गेली. फाका जाड बुडाच्या टोपात रचल्या, खाली मंद विस्तव, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. तवशाचं धोंडस याच पद्धतीने होतं. खालून आच, वरून आच, मध्ये काकडी, रवा, गूळ. धोंडस खाल्लेल्या माणसाला ओव्हन म्हणजे काय हे नव्याने शिकवायला नको, त्याला फक्त विजेची सवय लावायची असते. करवंटीचा निखारा चांगला कडक असतो. अर्ध्या तासात फाकांच्या कडा काळसर चिकट झाल्या, काकवीचे बुडबुडे थांबून पाक धरला आणि गाभा बोट लावताच दबू लागला.

आणि मग ताट मांडायची वेळ आली.

आपल्या ताटाला बाजू असतात. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. गोडाला गोडाची जागा. नियम कुणी भिंतीवर लावलेले नाहीत, पण लोणचं उजवीकडे वाढलं तर पाहुणा जेवून जातो आणि बाहेर जाऊन सांगतो. मी भोपळ्याची फाक घेऊन उभा. डावीकडे ठेवावी तर ही चाटायची वस्तू नव्हे, चांगली पावशेराची होती. उजवीकडे ठेवावी तर काकवीत लडबडलेली भाजी कुणी बघितली आहे? गोडाच्या जागी ठेवावी तर भाची म्हणते साइड डिश. शिवाय त्या दिवशी बुधवार. शेजारच्या वैनीने तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणून दिलं होतं आणि ती हा अमेरिकन प्रकार बघायला थांबलेली. गोडधोडाच्या शेजारी बांगडा!

"आदी ठरव," आत्या म्हणाली, "ह्यां गोडाचां, काय भाजी?"

मी फाक वाडग्यात काढून मध्येच ठेवली आणि सगळे जेवायला बसलो. बांगड्यांचा हंगाम, त्यात वैनीचा हात तिखट. दुसऱ्या घासाला माझ्या कपाळावर घाम, चौथ्याला वैनीच्याही. तिने सहज भोपळ्याचा तुकडा तोडून तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि परत तिखल्याकडे वळली. मग मी. मग आत्या. तिखलं, भोपळा, तिखलं, भोपळा असं चालू झालं आणि तांब्यातलं पाणी कुणी घेईना. वाडगा रिकामा होत आल्यावर आत्याने तांब्या बाजूला सरकवला आणि वाडगा त्याच्या जागी, ताटाच्या बाहेर उजव्या हाताला ठेवला.

"पाण्याच्या जागेर वाडूचां," तिने निकाल दिला.

लाइट आल्यावर मी भाचीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. रंग मस्त आलाय मामा, पण बरोबर टर्की नाही? टर्की म्हणजे काय ते मी आत्याला सांगितलं, बऱ्यापैकी मोठी कोंबडी समज.

"खयं गावता ती इचार," आत्या म्हणाली. "तिखला करूया."