पिसवा आणि पहिला नंबर

आमचं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, ही बातमी पिसवांपर्यंत पोचलेली नाही. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करून गाडीत टाकता येतो. पिसू कुठल्या डब्यात टाकायची?

पावसाळी दमट हवा सुटली की कुत्रं कान खाजवायला लागतं आणि घरातली वडील मंडळी म्हणतात, ‘आंघोळ घाला.’ घाला, माझी ना नाही. पण आधी खात्री करा. फणीने निघालेले काळे ठिपके ओल्या पांढऱ्या कापडावर दाबा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नाहीतर साधी धूळ.

उवांची फणी चालते (ती मग डोक्यासाठी परत मागू नये). मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी फिरवा, सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. नखाने चिरडण्याचा पराक्रम नको, ती सुटते.

फिप्रोनिल या पिसूनाशक औषधाचे थेंब वजनाप्रमाणे, दोन खांद्यांच्या मधे, केस बाजूला करून कातडीवर. केसांवर ओतलेत तर पैसे केसांना लागले. आधी-नंतर दोन दिवस आंघोळ बंद. घरात मांजर असेल तर तिलाही त्याच दिवशी, पण मांजराचंच औषध. कुत्र्याच्या पर्मेथ्रिन या पिसूनाशकाचा ‘उरलाय तर एक थेंब’ लावू नका. इंदुरी काटकसर मांजराच्या जिवावर बेतते.

एवढं करून निम्मंही काम झालेलं नसतं. अंगावर दिसतात त्या शंभरात जेमतेम पाच. बाकीचं बिऱ्हाड अंडी, अळ्या, कोश होऊन सोफ्याच्या खाचेत, जाजमाखाली, आजीच्या गोधडीत. एक मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालते आणि ती कुत्रं जिथे लोळेल तिथे गळतात. म्हणून अंथरुणं आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात, व्हॅक्यूम रोज, त्याची पिशवी लगेच घराबाहेर. ‘भिया, नीम का धुआँ करो’ हा शेजारधर्मही आहेच. धुराने माणसं खोकतात, कोश नाही.

कोश फार वस्ताद. फवारा आत शिरत नाही, आणि यजमानाची चाहूल लागेपर्यंत तो महिनोन्‌महिने गप्प पडून राहतो. गणपतीला कुत्र्यासकट दहा दिवस पुण्याला जाऊन या, कुलूप काढा, बॅगा आपटा. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि तुमचा श्वास मिळाला की सगळे एकदम बाहेर, इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री दहाला उसळते तशी गर्दी. औषधाला शिव्या घालू नका. पुढच्या महिन्याचा थेंब ठरल्या तारखेला टाका आणि तीन महिने व्हॅक्यूम माळ्यावर ठेवू नका.